भात राहिला, माणसे गेली

काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात जेवणाचा योग आला. घरची कन्या नोकरीनिमित्त काही वर्षे स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरी राहून परतली होती व तिकडील 'पाएया' हा भात स्वहस्ते रांधीत होती. रुंद, उथळ, दोन कानांच्या लोखंडी भांड्यात तिने ऑलिव्हच्या तेलावर कोंबडीचे तुकडे तांबूस होईतो परतले. त्यात घेवड्याच्या शेंगा, डबल बी, किसलेला टोमॅटो व लाल मिरचीची सौम्य पूड घातली आणि पाणी ओतून रस्सा बराच वेळ उकळू दिला. मग केशर घातले, आखूड दाण्याचा तांदूळ सारखा पसरला आणि डाव खाली ठेवला.

"अगं, ढवळ! तळाला लागेल!" आई कासावीस झाली.

"लागू दे, आई. तेच तर हवंय."

तळाशी धरणाऱ्या त्या खरपूस खरवडीला व्हॅलेन्सियात 'सोकार्रात' म्हणतात व तिच्यासाठी पंगतीत चढाओढ लागते. ढवळला तर भात आसट होतो आणि खरवडही हाती लागत नाही.

जेवताना गृहिणीने विचारले, "फादर, हा स्पेनच्या ख्रिस्ती लोकांचा जुना भात ना?" आम्ही "होय" म्हणून गेलो. परंतु घरी परतल्यावर ते उत्तर मनाला टोचू लागले, कारण ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

नावापासून आरंभ करू. 'पाएया' म्हणजे मुळात भात नव्हे, ते भांडे. लॅटिनमधील 'पातेल्ला', म्हणजे उथळ ताटली, या शब्दापासून ते नाव आले. वेदीवर पवित्र भाकर ठेवण्याची 'पातेना' ही तबकडीही त्याच कुळातील.

भांडे असे रोमन असले तरी त्यातील तांदूळ अरबांचा. इ.स. ७११ मध्ये मुसलमान सैन्य स्पेनमध्ये उतरले आणि पुढील शतकांत त्यांच्यामागून आलेल्या शेतकऱ्यांनी तेथे भातशेती रुजविली. नद्यांचे पाणी त्यांनी कालव्यांनी रानोरान खेळविले. स्पॅनिश भाषेत तांदळाला 'अर्रोस', केशराला 'अथाफ्रान' व कालव्याला 'असेकिया' म्हणतात. हे तिन्ही शब्द अरबी मुळाचे आहेत. व्हॅलेन्सियाजवळील ज्या आल्बुफेरा सरोवराकाठी आजही भात पिकतो, त्याचे नावही अरबीच. तोच शब्द पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडेही पोहोचला. गोव्यातील ख्रिस्ती घरांत पुलावाला 'आरोझ' म्हणतात.

१२३८ साली राजा पहिला जाउमे याने व्हॅलेन्सिया जिंकले. मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभे राहिले, मात्र कालवे तसेच वाहत राहिले. त्या कॅथीड्रलच्या 'प्रेषितांच्या द्वारा'पाशी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडी ऐकून जागच्या जागी निकाल देतात. युनेस्कोने २००९ साली या पाणी-न्यायालयास मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ही पंचायत मूर लोकांच्या काळापासूनची, अशी तेथील परंपरा आहे. ती दाराबाहेर का बसते, याचेही कारण लोक सांगतात: कालव्यांची जाण असलेले मुसलमान शेतकरी ख्रिस्तमंदिरात पाऊल ठेवू शकत नव्हते.

यापुढील पान लिहिताना हात जड होतो. १५२० नंतरच्या काही वर्षांत या लोकांचा बळजबरीने बाप्तिस्मा करण्यात आला. त्यांना 'मोरिस्को' हे नाव पडले. नावाने ते ख्रिस्ती झाले, परंतु त्यांच्यावरचा संशय कधी सरला नाही. अखेर सप्टेंबर १६०९ मध्ये राजा तिसरा फिलिप याच्या हुकमाने त्यांना व्हॅलेन्सियातून हद्दपार करण्यात आले. एक लाखाहून अधिक माणसे गलबतांत भरून उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरविली गेली. त्या राज्याची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती अशी उठली. हद्दपारीचा आग्रह धरणाऱ्यांत व्हॅलेन्सियाचे आर्चबिशप हुआन दे रिबेरा हे होते. १९६० साली त्यांना संतपद मिळाले. त्यांची भक्ती व दानशूरता आम्ही नाकारीत नाही. तथापि त्यांच्या हातून झालेला हा अन्याय झाकून ठेवणेही आम्हांस योग्य वाटत नाही. ज्यांना आपण बाप्तिस्मा दिला, त्यांनाच आपण घराबाहेर काढले.

ओसाड झालेल्या गावांत नवे लोक वसले आणि कालवेही त्यांच्या हाती आले. अमेरिकेहून आलेला टोमॅटो, मिरची व घेवडा त्यांच्या मळ्यांत रुजला. भातखाचरांत राबणाऱ्या गड्यांनी दुपारी काटक्या पेटवून, हाताशी असेल ते, कधी ससा तर कधी गोगलगायी, तांदळात शिजविले व एकाच भांड्याभोवती बसून लाकडी चमच्यांनी खाल्ले. तोच भात पुढे रविवारचे घरगुती जेवण झाला. २०२१ साली व्हॅलेन्सियाच्या प्रांतिक शासनाने त्यास सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केले.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गृहिणीस हे सारे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, मग जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्यांचीही आठवण करायला हवी होती."

वाचकहो, हा भात आपण घरी जरूर करून पाहावा. रोजचा आखूड दाण्याचा तांदूळ त्यास चालतो. मोठे भांडे नसेल तर पसरट तवाही चालतो. तांदूळ घातल्यावर मात्र ढवळू नये. आणि भांड्याभोवती सारे बसल्यावर, पहिला घास घेण्यापूर्वी, त्या माउलीचे बोल आठवावेत.