स्थानिक पालक

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात 'स्थानिक पालकाचे नाव व पत्ता' असा एक रकाना असे. पुष्कळ ठिकाणी तो आजही आढळतो. आपल्या मंडळाच्या कित्येक सभासदांची नावे त्या रकान्यात कधी ना कधी लिहिली गेली असतील. सांगली-साताऱ्याकडचा मुलगा इकडे शिकावयास येतो, ओळखीच्या ओळखीने त्याच्या वडिलांचा निरोप येतो आणि आपण सही करतो. घरापासून दूर आलेल्या विद्यार्थ्याची काळजी कोणी वाहावी, या जुन्या प्रश्नाचे ते आपल्यापुरते उत्तर असते.

१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती वाटणी होती. विद्यार्थी राहतो कोठे, जेवतो कोठे, त्याच्या मनाला काय लागले आहे, हा विद्यापीठाच्या कक्षेतला विषयच नव्हता. पुण्यात हा भार समाजाने उचलला. गरीब विद्यार्थी निरनिराळ्या घरी वार लावून जेवत, कित्येक माधुकरी मागत. त्या प्रथेविषयी आपण आजही हळवे होऊन बोलतो. परंतु ती दारे मुख्यतः ब्राह्मण मुलांसाठी उघडत, हे विसरता कामा नये. इतरांना शहरात वार लावण्यास घर कोठले? ही उणीव ओळखली राजर्षी शाहू महाराजांनी. कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान व अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृहे उभी राहिली.

तिकडे बंगालमध्ये परगावचे विद्यार्थी कलकत्त्याच्या खानावळीवजा 'मेस'मध्ये दाटीवाटीने राहत. सर मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७-१९) त्यांच्या राहणीचा प्रश्न विद्यापीठाचा म्हणून विचारात घेतला. आयोगाचे एक सदस्य फिलिप हार्टोग हे १९२१ मध्ये सुरू झालेल्या ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, आणि आयोगाचे विचार तेथे प्रत्यक्षात उतरले. ढाक्याचा विद्यार्थी नुसता विद्यापीठाचा नसे. तो ढाका हॉल, जगन्नाथ हॉल किंवा मुस्लिम हॉल यांपैकी एकाचा असे. गावात स्वतःच्या घरी राहणाऱ्यालाही कोणत्या तरी हॉलशी संलग्न व्हावे लागे. हॉलचा प्रमुख तो प्रोव्होस्ट, त्याच्या हाताखाली हाउस ट्यूटर, आणि ही सारी मंडळी अध्यापकच. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार जगन्नाथ हॉलचे प्रोव्होस्ट होते. पुढे ते कुलगुरूही झाले. हॉलची विभागणी धर्मावरून होती, हा त्या योजनेतला उघड दोष. तरीही आपली विचारपूस करणे हे कोणा एका माणसाचे काम आहे, हे तेथल्या विद्यार्थ्याला प्रवेश घेतानाच कळे. मला त्या योजनेचे खरे मोल यातच दिसते.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) विद्यार्थी-कल्याणाचा स्वतंत्र विचार केला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तर विद्यार्थी-सेवा हे शिक्षणाचेच अंग मानले आणि हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, असे सुचविले. शिफारशींचे पुढे काय होते, हे सरकारी कचेरीत केस पिकलेल्या माणसास सांगावयास नको!

पुढचे पाऊल पडले ते दुःखातून. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगपायी एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम जारी केले. नव्या विद्यार्थ्यांचे लहान गट करावेत, प्रत्येक गट एका अध्यापकाकडे सोपवावा आणि त्याने गटातील प्रत्येकाशी रोज बोलून अडीअडचणी समजून घ्याव्यात, असे त्यांत आहे. ढाक्याचा हाउस ट्यूटरच जणू राजपत्रातून परत आला. मात्र वर्गात दीडशे मुले आणि अध्यापकांची पदे रिकामी, अशा ठिकाणी 'रोज' हा शब्द कागदावरच राहतो.

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी आणखी कडक निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. परीक्षेच्या दिवसांत आणि एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना लहान गटांना मार्गदर्शक द्यावेत. हजाराचा आकडा शंभरावर येण्यास सहा दशके लागली.

समुपदेशक नेमला गेला तरी त्याच्यापुढे मन मोकळे करण्यास मुलाला बळ लागते, आणि ते मायबोलीत चटकन येते. हिंदीत वा इंग्रजीत 'ठीक आहे' म्हणणारा मुलगा मराठीत विचारले की क्षणभर थांबतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेव्हा सही केलेल्या मुलाला महिन्यातून एकदा तरी जेवावयास बोलवावे आणि गुणांखेरीज दुसरे काही विचारावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' या मोफत दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मंडळाच्या फलकावर तो ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. गणेशोत्सवात महाप्रसादाच्या पंगतीला येणारी वसतिगृहातली मुले त्या फलकापाशीच चपला काढतात.