रक्तातील एका आकड्याचा इतिहास : लंडन, मुंबई, बार्शी

१/ सोलापूरच्या नवी पेठेत काय किंवा अन्यत्र काय, रक्ततपासणीच्या अहवालावर ‘सीए १९-९’ ही अक्षरे आज नजरेस पडू शकतात. शेजारी बहुधा ३७ ही मर्यादा छापलेली असते. आकडा वर गेला की घर हादरते, खाली राहिला की निर्धास्त होते. पित्ताशयाच्या कर्करोगाबाबत या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या का, हे या आकड्याचा इतिहासच सांगतो.

२/ शरीरद्रवात कर्करोगाची खूण सापडली ती १८४५ मध्ये, लंडनला. हाडे ठिसूळ झालेल्या एका रुग्णाची लघवी डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे आली. तिच्यातील साका तापवताच विरघळे, निवताच पुन्हा जमे. अस्थिमज्जेच्या कर्करोगातील ते प्रथिन होते.

३/ पित्ताशयाच्या कर्करोगाला इतकी स्पष्ट खूण लाभली नाही. तो दीर्घकाळ मुका राहतो; दुखलेच तर खड्यांचे दुखणे वाटते. अनेकदा खड्यांसाठी पित्ताशय काढल्यानंतर, सूक्ष्मदर्शकाखालीच तो उघड होतो.

४/ १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची पद्धत शोधली. १९७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोव्स्की यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशी उंदरांना टोचून अशी प्रतिपिंडे मिळवली. त्यांतील ‘१९-९’ने जे ओळखले, तेच सीए १९-९. स्वादुपिंड आणि पित्तमार्गासाठी त्याचा वापर नंतरचा.

५/ १९८२ मध्ये त्याची रचना उलगडली : ‘लुईस’ रक्तगटाच्या शर्करेचेच ते एक रूप. या शर्करांच्या इतिहासात मुंबईचे एक पान आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगुणाची नोंद केली; तोच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला गेला. ए आणि बी गटांचा पाया असलेली ‘एच’ शर्कराच त्या रक्तात नव्हती.

६/ एखादे विकर जन्मतःच नसेल, तर त्याने घडणारी शर्कराही घडत नाही. हेच तत्त्व लुईस शर्करेलाही लागू पडते. ज्यांच्यात लुईस विकर नसते, त्यांचा कर्करोग कितीही वाढला तरी सीए १९-९ जवळजवळ दिसतच नाही. खालचा आकडा म्हणजे अभय नव्हे.

७/ उलट, पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी आकडा चढतो आणि अडथळा दूर होताच बहुधा उतरतो. पित्तातच थेट शोधावे, तर निरोगी पित्तमार्गाच्या पेशीही हा पदार्थ पित्तात सोडतात.

८/ आता सोलापूर जिल्ह्यातील बार्शी. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी येथे १९८७ मध्ये सुरू झाली. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगाव फिरले. अशा नोंदण्या एकत्र ठेवल्यावर देशाचे चित्र दिसले : गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येत पित्ताशयाचा कर्करोग बराच आढळतो, बार्शीकडे विरळा.

९/ जिथे रोग विरळा, तिथे चढलेल्या आकड्यामागे दुसरे कारण असण्याची शक्यता अधिक. म्हणून तोच आकडा पाटण्यात आणि सोलापुरात सारखाच वाचता येत नाही. निदानाचा निर्णय सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि पेशीतपासणीवरच होतो.

१०/ लंडनने खूण शोधता येते हे दाखवले, मुंबईने माणसामाणसातील जन्मजात फरक दाखवला, बार्शीने प्रदेशाप्रदेशातील. या तिन्ही गोष्टी जाणल्याशिवाय अहवालावरचा तो आकडा अपुराच राहतो.