पेअरवाइज क्रमवारी

पेअरवाइज ही अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन आइस हॉकीत राष्ट्रीय स्पर्धेसाठीची संघनिवड वर्तविण्याकरिता दीर्घकाळ वापरली गेलेली क्रमवारी होय. १९४८ साली चार संघांनिशी सुरू झालेल्या या स्पर्धेत २००३ पासून १६ संघ खेळतात. कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागांसाठी पेअरवाइजमध्ये प्रत्येक संघाची इतरांशी एकेक करून तुलना होई. तीत आपसांतील सामने, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी व प्रतिस्पर्ध्यांचे बळ विचारात घेतले जाई. त्यामुळे चाहत्याला केवळ आपल्या संघाचे निकाल पाहून भागत नसे. ऑक्टोबरमध्ये आपण हरवलेला संघ पुढे जिंकत राहिला, तर त्याचा लाभ आपल्यालाही होई. मार्चमध्ये एखाद्या दुबळ्या संघाने अनपेक्षितपणे गटाचे विजेतेपद पटकावले, की काठावरच्या संघाची जागा जाते; त्या दिवशी तो मैदानात नसला तरीही.