वस्तू घडली कुठे, अक्षर कोरलं कुठे? तेरची मूर्ती आणि टेबलावरचा सीएनसी राउटर

घरातला जुना तांब्या किंवा स्टीलचा डबा उलटा करून पाहा. बहुतेक वेळा त्यावर एखादं नाव, तारीख आणि ‘सप्रेम भेट’ सापडेल. भांड्याच्या दुकानात ‘नाव घालून मिळेल’ ही सोय आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिच्याकडे कुणी इतिहासाचं साधन म्हणून पाहतच नाही. आता हेच काम टेबलावर मावणारा छोटा सीएनसी राउटर करतो. लाकडी पाटी, किचेन, पितळी चकती, काहीही ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत नाव कोरून हातात.

आजचा प्रश्न असा: कोरलेलं अक्षर वस्तूबद्दल नक्की काय सांगतं? संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा तरी नीट सोडवून पाहावा. त्यासाठी लांब जायला नको, धाराशिव जिल्ह्यातलं तेर पुरेसं आहे.

तेरणा नदीकाठचं तेर आपल्याला गोरा कुंभारांचं गाव म्हणून माहीत असतं. पण ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर सांगितलंय. हे तगर म्हणजेच तेर, अशी मांडणी जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये केली. पुढे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी इथे उत्खनन केलं. तेरला पांढऱ्या चिकणमातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या मूर्ती मिळतात. म्हणजे एकाच नमुन्याच्या अनेक प्रती काढायचं तंत्र इथे तेव्हाच होतं. गावातल्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे.

तिच्या जातकुळीची एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईला सापडली. उंची सुमारे २५ सेंटीमीटर. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली शहर गाडलं गेलं, तेव्हा तीही गाडली गेली. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन इथल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचं साम्य दिसतं, म्हणून ती दख्खनमधून गेली असावी असा तर्क पुढे आला.

पण एक अडचण आहे. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलंय. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधारची लिपी. दख्खनमध्ये त्या काळी ब्राह्मी चालायची. मग मूर्ती गांधारातली म्हणायची का? इथेच घाई करायची नाही. ते अक्षर भाग जोडताना कारागिराने केलेली खूण असू शकतं. अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंती कामावरही अशा जोडणीच्या खुणा आहेत. अक्षर कोरणारा आणि मूर्ती घडवणारा एकच होता, हे गृहीत आहे, पुरावा नाही. वस्तू एकीकडे घडून दुसरीकडे जोडली गेली असेल, किंवा वायव्येकडचा कारागीरच दक्षिणेत काम करत असेल. शैली एक उत्तर देते, लिपी दुसरं.

आता हीच कसोटी सीएनसीला लावू. यंत्राला आकड्यांनी चालवायची कल्पना अमेरिकेत जॉन पार्सन्स यांच्या कामातून पुढे आली. त्यांच्यापुढे प्रश्न होता हेलिकॉप्टरच्या पात्यांचा अचूक आकार काढण्याचा. १९५२ मध्ये एमआयटीने छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं. तेव्हा ते भलंमोठं आणि महागडं होतं. २००९ मध्ये आर्डुइनोच्या छोट्या बोर्डवर चालणारी ‘जीआरबीएल’ ही मुक्त प्रणाली आली आणि हौशी माणसाच्या टेबलावर राउटर येणं सोपं झालं. ‘३०१८’ म्हणजे साधारण ३० बाय १८ सेंटीमीटर जागेत काम करणारं मशीन.

समजा, तुळजापूरच्या एखाद्या दुकानात भक्ताचं नाव कोरलेली पाटी विकली जाते. पाटीचं लाकूड एका गावचं, देवीचं चित्र नेटवरून उतरवलेलं, फॉन्ट तिसऱ्याचा, नाव मात्र तिथेच कोरलेलं. शंभर वर्षांनी ती पाटी हाती आली तर ‘तुळजापूरची वस्तू’ म्हणजे नेमकं काय?

यंत्राचं काम सारखंच दिसतं, त्यातून काही कळत नाही, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ६० अंशांच्या व्ही-बिटने अर्धा मिलिमीटर खोल गेलं की रेघ साधारण ०.५८ मिलिमीटर रुंद पडते, ०.८ खोल गेलं की ०.९२. म्हणजे पाटी एका बाजूला जराशी उचललेली असेल तर शिरोरेषा एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक होते. आणखी एक खूण खास आपली. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. बाह्यरेषा एकत्र न करता फाइल मशीनला दिली, तर प्रत्येक जोडावर आडव्या रेघेत बारीक उभे काप दिसतात. सुटी सुटी अक्षरं धरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी घातल्याचा तो पुरावा आहे.

हाताने कोरणाऱ्याचं वळण मात्र यात उरत नाही. त्याची जागा घेते ती जी-कोडची फाइल, आणि ती तर काम झालं की पुसली जाते. तेरच्या कारागिराने निदान मूर्ती तरी मागे ठेवली. आपल्याकडे वस्तू राहील, पण ती कशी केली याची नोंद जाईल.

म्हणून वस्तूवर काम करणार असाल तर वहीत चार रकाने आखा: साहित्य कुठलं, आकार कुठला, अक्षर कुणी कोरलं, कशाने कोरलं. चारही उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. आणि स्वतः राउटर चालवत असाल, तर पाटीच्या मागे गाव, तारीख आणि बिटचा कोन कोरून टाका. दोन मिनिटं जास्त लागतील, पण पुढच्या संशोधकाचं काम सोपं होईल.