माथेरानची वसाहत आणि घोडा

कोकणपट्टीच्या दमट हवेला घोडा मुळात परका. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौल बंदरी उतरला, तेव्हा विक्रीसाठी आणलेला एक घोडा त्याच्याबरोबर होता. जुन्नरला तो जप्त झाला, परत मिळाला आणि अखेर बिदरला विकला गेला. अरबी वाळवंटातून गलबतांनी येणाऱ्या घोड्यांचीही हीच वाट असे. चौल हा त्यांचा उतार होता, मुक्काम नव्हे. घाट चढून ते दख्खनच्या पागांत जात. त्याच रायगड जिल्ह्यात, किनाऱ्यापासून आत सुमारे ८०० मीटर उंचीच्या एका सुट्या डोंगरावर, घोड्याच्या चालीने आखलेली वस्ती पुढे उभी राहावी, हे म्हणूनच विचार करण्याजोगे आहे.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानावर चढला. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या आश्रयाने तेथे बंगले झाले. नेरळपर्यंत आगगाडी आली, तरी वरची चढण तट्टू, पालखी वा खुर्ची यांवरच करावी लागे. आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेली छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तट्टाचे काम संपेल असे कोणासही वाटले असते. ते संपले नाही. गाडीने घाटाची चढण घेतली. स्थानकापासून बंगल्यापर्यंतचा आणि बंगल्यापासून टोकांपर्यंतचा रस्ता घोड्याकडेच राहिला. मोटारीला गावात मज्जाव असल्याने ती दस्तुरी नाक्यावर थांबते, आणि तेथून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटर हे आजही पायांचे आणि टापांचे अंतर आहे. घोडा येथे गतकाळाचा अवशेष म्हणून उरलेला नाही, तो निर्बंधामुळे टिकला आहे. २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा त्या निर्बंधास अधिक बळ मिळाले.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक गंमत दिसते. ‘माथेरान’ची माथ्यावरचे रान ही फोड सरळ मराठी, पण टोकांची नावे पॅनोरमा, लुइझा, अलेक्झांडर अशी. जीन, लगाम, चाबूक, तोबरा हे शब्द फारसी, रिकीब व नाल अरबी. ‘घोडा’ हा शब्दही ‘घोटक’ या उत्तरकालीन संस्कृत रूपातून आलेला. वैदिक ‘अश्व’ बोलीतून केव्हाच मागे पडला. इतरत्र ही शब्दसंपत्ती म्हणी आणि बखरींपुरती उरली आहे, येथे तिच्यावर अजून संसार चालतात.

त्या संसारांचाच आता प्रश्न आहे. २०२२ च्या अखेरीस विजेवरील रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढावयाच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना विजेवरील रिक्षा देण्याचा आदेश दिला. माणसाने माणसास ओढणे थांबावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु हातरिक्षावाल्यास पर्याय मिळाला, तसा घोडेवाल्यास मिळालेला नाही. नवी रिक्षा त्याच्याच वाटेवरचा उतारू नेते. लिदीची तक्रार खरी असली, तरी तिच्यावर उपाय सफाईचा आहे, घोडा हटविण्याचा नव्हे.

वादाचे दुसरे कारण पायाखालचे आहे. लाल मातीच्या वाटेवर खूर रुततो, फरसबंदीच्या ठोकळ्यांवर तो घसरतो, असे घोडेवाल्यांचे म्हणणे. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच ठोकळे बसविण्यास अनुमती दिली. आतल्या वाटा मातीच्याच राहावयाच्या आहेत.