बारा वर्षांनी प्रश्न मिटत नाही

युद्धात बेपत्ता झालेल्या विमानांचा आणि वैमानिकांचा पन्नास-साठ वर्षांनी शोध घेणे म्हणजे गाडलेली मढी उकरणे, असे मत आपल्याकडे शहाणपण म्हणून सांगितले जाते. कायदा सात वर्षांनी माणूस मृत धरतो, शास्त्र बारा वर्षांनी धरते. क्रियाकर्म झाले, निवृत्तिवेतन मिळाले. आता घरच्यांच्या जखमेवरची खपली कशाला काढायची? पैठणला गोदाकाठी पितरांचे पिंड पाडायला येणारी कुटुंबेही हे ऐकतात आणि गप्प बसतात. हे मत मला मान्य नाही.

शास्त्राचा आधार घ्यायचा तर तो पैठणच्याच घराण्याकडून घेऊ. ‘निर्णयसिंधु’ (१६१२) लिहिणारे कमलाकरभट्ट काशीचे खरे, पण त्यांचे पणजोबा रामेश्वरभट्ट पैठणहून तिकडे गेले. या परंपरेत बारा वर्षे वार्ता न लागलेल्या माणसाचा पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून दाह करायला सांगितले आहे. पूर्वपक्षाचे लोक इथेच थांबतात. पण तो माणूस पुढे जिवंत परतला तर काय, याचाही विधी धर्मशास्त्राने सांगून ठेवला आहे: त्याला तुपाच्या कुंभाने शुद्ध करावे आणि जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही वचने नोंदवली आहेत. घरचे व्यवहार अडू नयेत म्हणून शास्त्राने पुतळा जाळायला सांगितला. माणसाचे खरोखर काय झाले याचा निवाडा केला नाही. कायद्याचेही तेच. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ने मृत्यूचे फक्त गृहीतक दिले. मृत्यू केव्हा झाला हे त्यातून ठरत नाही, ते पुराव्यानेच सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसीच्या खटल्यात स्पष्ट केले.

दुसरा आक्षेप असा की इतक्या वर्षांनी काही उरतच नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांना घेऊन चंडीगडहून लेहला निघालेले हवाई दलाचे एएन-१२ विमान रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. मनालीच्या गिर्यारोहकांना २००३ मध्ये त्याचे अवशेष दिसले, आणि सप्टेंबर २०२४ मध्येही हिमनदीतून चार पार्थिवे मिळाली. २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालेल्या एएन-३२ चे अवशेष सुमारे ३,४०० मीटर खोल समुद्रतळाशी दिसल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. ही दोन्ही विमाने युद्धातली नव्हती. युद्धातलेच उदाहरण हवे तर अरुणाचलात पाहावे. २५ जानेवारी १९४४ ला दामरोजवळच्या डोंगरात कोसळलेले ‘हॉट अ‍ॅज हेल’ हे अमेरिकन बी-२४ बॉम्बर २००६ मध्ये अमेरिकन शोधक क्लेटन कूल्स यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने शोधले. त्यातल्या आठ जणांपैकी लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि २०१७ मध्ये जॉर्जियातल्या त्यांच्या गावी दफन झाले. गेले होते तेव्हा त्यांचे वय २४ होते.

पूर्वपक्षाचा खरा जोर तिसऱ्या मुद्द्यात आहे. बर्फातले प्रेत सापडणे वेगळे. पण जो शत्रूच्या मुलखात पडला आणि कदाचित कैद झाला, त्याचे काय? फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ ला सुखोई-७ घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटवरच्या हल्ल्यात गेले ते परतले नाहीत. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत ‘टॉम्बे’ असे नाव त्या वेळी पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, अर्जुन पुरस्कारविजेत्या बॅडमिंटनपटू, पुढे दशकानुदशके त्यांचा माग काढत राहिल्या. ‘बेपत्ता ५४’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भारतीय सैनिकांचे नातेवाईक १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये पाकिस्तानच्या तुरुंगांत जाऊन आले आणि रिकाम्या हाताने परतले. आमच्याकडे एकही युद्धकैदी नाही, हे पाकिस्तानचे उत्तर कायम आहे.

पण नेमक्या याच प्रकरणात विमानाचा सांगाडा बोलू शकतो. वैमानिकाची इजेक्शन सीट कॉकपिटमध्येच राहिली की बाहेर फेकली गेली, हे अवशेषांवरून कळते. सीट आत सापडली तर तुरुंगाची शंका जवळपास मिटते. ती बाहेर पडलेली असेल, तर माणूस जमिनीवर उतरला असण्याची शक्यता राहते आणि त्याचा हिशेब मागण्याचा हक्क दुप्पट होतो. दोन्ही उत्तरे कुटुंबाच्या उपयोगाची आहेत. खपली निघेल म्हणून शोध नको, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तुरुंगांच्या दारांपर्यंत स्वतः जाऊन आलेल्या या कुटुंबांच्या जखमेवर खपली धरलेलीच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून येतो. त्यामुळे सापडलेल्या अवशेषांची ओळख पटवायला पत्नीचा नमुना चालत नाही. भावाबहिणींचा, बहिणींच्या मुलांचा लागतो. १९७१ च्या बेपत्तांची भावंडे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. संरक्षण मंत्रालयाने त्यांचे नमुने आताच घेऊन जपावेत, आणि ज्या घरात असा बेपत्ता माणूस आहे त्या घरानेही ते स्वतःहून द्यावेत.