साथ आणि ताट

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीला महाराष्ट्रात 'मानमोडी' हे नाव पडले. महायुद्धाच्या काळात ये-जा करणाऱ्या जहाजांतून ती मुंबई बंदरात उतरली असे मानले जाते. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले, ही तिची मुंबईतील पहिली ठळक नोंद. जून-जुलैची ती पहिली लाट त्यामानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशातील बळींचा सरकारी अंदाज सुरुवातीला साठ लाखांचा होता. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा तो दुपटीवर गेला, आणि पुढच्या काळातील अभ्यासकांनी तर पावणेदोन कोटींहून मोठे आकडेही मांडले. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या जनगणनेच्या इतिहासात एकाच दशकात घटली आहे, आणि ते दशक म्हणजे १९११ ते १९२१.

विषाणूला जात, धर्म, पगार काही कळत नाही. मग मृत्यूंची विभागणी सारखी व्हायला हवी. तशी ती झाली का? मुंबई शहराचे त्या वर्षीचे आकडे पाहू या. दर हजारी इन्फ्लुएंझाने मेलेल्यांचे प्रमाण युरोपियनांत ८.३ आणि पारशांत ९ होते. मुसलमानांत ते १९.२, तर सवर्ण हिंदूंत १८.९ होते. सरकारी कागदांत ज्यांना 'खालच्या जाती' म्हटले जाई, त्या हिंदूंत मात्र ६१.६. म्हणजे युरोपियनांच्या सातपटीहून अधिक! हे पाच आकडे फळ्यावर लिहून नववी-दहावीच्या वर्गाला कारणे शोधायला सांगावीत. अन्न, घराची दाटी, शुश्रूषा, वैद्यकीय मदत अशी सगळी उत्तरे मुलांकडून येतील. त्यांतले नेमके कोणते किती खरे, हे ठरवणे किती कठीण आहे तेही त्यातूनच उमगेल.

अन्नाचे कारण पुढे येण्यास एक ठोस आधार आहे. १९१८ चा मोसमी पाऊस देशभरात सरासरीपेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने कमी पडला. शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदींत इतकी तूट मोजक्याच वर्षी दिसते. १९७२ चा दुष्काळ अनुभवलेल्यांना ती कल्पना यावी. पश्चिम आणि मध्य भारताला याचा सर्वाधिक फटका बसला. ज्वारी-बाजरी करपली आणि जनावरांचा चारा गेला. युद्धामुळे धान्याची ने-आण आधीच विस्कळीत झाली होती, भाव चढलेले होते. अशा घरांत ऐन सुगीच्या तोंडावर ताप शिरला. जे थोडे पिकले होते ते काढायला आणि रब्बीची पेरणी करायला उभा राहील असा माणूस घरात उरला नाही. दुष्काळाने साथ वाढवली की साथीने दुष्काळ, हा प्रश्न त्यामुळे एका दिशेने सुटत नाही. मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त राहिलेल्या प्रांतांत मुंबई इलाखा होता, आणि आजचा विदर्भ ज्यात मोडत असे तो मध्य प्रांत व वऱ्हाडही होता. बंगालमध्ये ते पुष्कळच कमी होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वीस ते चाळीस या वयात आपल्याकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी तीच, आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणारीही तीच. याला आम्ही पुरावा म्हणणार नाही, पण घराघरांत दिसणारी ती गोष्ट होती.

तरीही 'उपाशी माणसे मेली' एवढ्यावर थांबणे शास्त्रीय ठरणार नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या कँप डेव्हन्स या लष्करी छावणीत उत्तम जेवणारे, धडधाकट जवान त्याच सप्टेंबरात पटापट मेले. पॅसिफिकमधील पश्चिम सामोआत सुमारे एक-पंचमांश लोकसंख्या गेली, आणि शेजारच्या अमेरिकन सामोआत जहाजांना मज्जाव केल्यामुळे एकही मृत्यू झाला नाही. तिथे भेद ताटाचा नव्हता, बंदराचा होता. बंगालपर्यंत पोहोचेतो साथीचा जोरही ओसरला होता, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आहार हे अनेक कारणांपैकी एक आहे. परंतु ते दुर्लक्षण्याजोगे नाही.

कुपोषित शरीरात नेमके काय बिघडते? ताप आला की शरीराचा ऊर्जेचा खर्च वाढतो. तापमान एक अंश सेल्सियसने चढले तर विश्रांतीतला खर्च दहा ते तेरा टक्क्यांनी चढतो. खाण्याची इच्छा मात्र जाते. मग शरीर स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने मोडू लागते. ज्याच्याकडे साठा नाही, त्याची ही शिल्लक लवकर संपते. प्रथिनांच्या व जीवनसत्त्व 'अ' च्या अभावाने श्वसनमार्गाचे अस्तर दुबळे होते, आणि कुपोषित मुलांत तर प्रतिकारपेशी घडवणारी थायमस ग्रंथीच आक्रसते. १९१८ मध्ये बहुतेक मृत्यू विषाणूच्या मागोमाग फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, आणि प्रतिजैविके तेव्हा नव्हती. लढायचे होते ते शरीरानेच.

योगायोग असा की त्याच १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीवरचे संशोधन सुरू केले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मूळ त्या खोलीत आहे. पुढे त्यांनी उंदरांना शीख, पठाण, मराठा, मद्रासी अशा निरनिराळ्या लोकांचा आहार देऊन त्यांची वाढ तपासली. गहू, दूध, डाळी व भाज्या असलेल्या शीख आहारावरचे उंदीर सर्वांत निरोगी निघाले, तर पॉलिश केलेल्या तांदळावर भर असणाऱ्या मद्रासी आहारावरचे सर्वांत अशक्त. कुपोषण आणि संसर्ग एकमेकांना बळ देतात, हे सूत्र मात्र नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांनी १९५९ साली व्यवस्थित मांडले.

या सूत्राचे दुसरे टोक दिसायला २००९ साल उजाडले. स्वाइन फ्लूची साथ आली. भारतातला तिचा पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला. त्याआधी जुलैमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अतिदक्षता विभागातील दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली होती. त्या दहांपैकी नऊ लठ्ठ होते आणि सात अतिलठ्ठ. दहा ही संख्या अगदीच लहान, पण पुढे कॅलिफोर्नियातील शेकडो रुग्णांतही निम्मे प्रौढ लठ्ठ आढळले. फ्लूच्या बाबतीत लठ्ठपणा हा स्वतंत्र धोका आहे, हे तेव्हा प्रथमच ठळकपणे नोंदले गेले.

याचे कारण समजायला चरबीविषयीची आपली जुनी कल्पना सोडावी लागते. चरबी म्हणजे कोठारात पडलेले तूप नव्हे. १९९३ साली मेदपेशींतून दाह निर्माण करणारे टीएनएफ हे प्रथिन स्रवते असे दिसून आले, आणि १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे मेदपेशींचे संप्रेरक शोधले. लेप्टिन भुकेचे नियंत्रण करते, आणि प्रतिकारपेशींनाही संदेश देते. लठ्ठ शरीरात मंद दाह कायम धुमसत असतो. त्यात विषाणू शिरला की प्रतिकारयंत्रणा उशिरा जागी होते आणि जागी झाल्यावर अतिरेक करते. शिवाय पोटाच्या चरबीने श्वासपटल वर रेटले जाते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. लशीचा परिणामही टिकत नाही: २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात लठ्ठ व्यक्तींमधील फ्लूविरोधी प्रतिपिंडे वर्षभरात इतरांपेक्षा अधिक घटलेली आढळली.

मग कोविड आला. २०२० मध्ये अमेरिकेत रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे ७१ हजार प्रौढांच्या नोंदींत ५० टक्के लठ्ठ आणि आणखी २८ टक्के जास्त वजनाचे होते. हा आकडा वाचताना घाई करू नये. अमेरिकेतील प्रौढांत तेव्हा एरवीही सुमारे ४२ टक्के लठ्ठ होते. त्याच धर्तीवर, ज्या देशांत निम्म्याहून अधिक प्रौढ जाड आहेत त्याच देशांत कोविडचे बहुतेक मृत्यू झाले, असे २०२१ च्या आरंभी एका जागतिक अहवालात म्हटले होते. परंतु ते देश श्रीमंत आहेत, तिथे वृद्ध अधिक आहेत आणि मृत्यूंची नोंदही काटेकोर होते. आमच्या मते रुग्णालयांतील आकड्यांवर विसंबावे, देशांच्या तुलनेवर नव्हे.

आहाराचा परिणाम फक्त रुग्णावर होतो असेही नाही. मेलिंडा बेक यांनी १९९५ साली सेलेनियम नसलेला आहार दिलेल्या उंदरांत कॉक्ससॅकी विषाणूचा एक निरुपद्रवी वाण सोडला. त्याने त्यांच्या हृदयाला इजा केली. तो विषाणू बाहेर काढून चांगले खाणाऱ्या उंदरांत सोडला, तर त्यांनाही इजा झाली! विषाणूची जनुकीय रचनाच बदलली होती. २०२० साली लठ्ठ उंदरांत वाढवलेल्या फ्लूच्या विषाणूबाबतही असेच काहीसे घडलेले दिसले. एकाच्या ताटातील उणीव किंवा अतिरेक शेजाऱ्याच्या वाट्याला येऊ शकतो तो असा.

आपल्याकडे ही दोन्ही टोके एकाच देशात आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या वा लठ्ठ, तर जवळपास १९ टक्के कमी वजनाच्या आढळल्या. कित्येकदा ही टोके एकाच शरीरात असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तितकीच. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले गेले. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक २२.३, याज्ञिकांच्या शरीरातील चरबी २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. युरोपियनांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० वर आहे, भारतीयांसाठी ती २५ वर आणावी अशी तज्ज्ञांची शिफारस आहे ती यामुळेच. त्या सहा खेड्यांतली बाळे अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. त्यांत लठ्ठ फारच थोडी होती, बरीच तर किरकोळ अंगाची. तरीही मुलग्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक जणांच्या रक्तातील साखर वाढलेली होती.